वेणी घालताना

१२ जुलै. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींच्या अनुभववह्या तपासायला बसले. वॉर्डातल्या एका प्रसंगातून काय उमगलं, ते प्रत्येकीने लिहायचं असतं. पंधरा वह्यांत एकच वाक्य होतं: 'रुग्णाशी संवाद महत्त्वाचा आहे हे समजले.' मी बरोबरच्या खुणा करत गेले.

सोळावी वही शेवंताची. 'मॅडमनी खाटेच्या पायाशी उभं राहून विचारलं, आजी, बऱ्या आहात ना? आजी हो म्हणाल्या. मी चार्टवर दुखणं नाही असं लिहिलं. दुपारी मी त्यांची वेणी घालत असताना त्या म्हणाल्या, टाके कालपासून ठणकतायत पोरी, पण मोठ्या बाईंना घाई होती. सिस्टरांनी ड्रेसिंग उघडलं, तर जखमेत पू धरला होता. मी स्वतः काही विचारलंच नव्हतं, नुसतं लिहिलं होतं.'

मोठ्या बाई म्हणजे मी. वहीला गुण देणारीही मीच.

तिला बोलावलं. "हे लिहिताना भीती नाही वाटली?"

"वाटली ना, मॅडम. दोनदा खोडलं. पण ते काढल्यावर लिहायला उरत काय होतं?"

वीस वर्षं मी मुलींना चुकीकडे नीट बघायला शिकवते आहे. माझं स्वतःचं बोट मात्र हळूच दुसऱ्याच्या चुकीकडे सरकतं. या मुलीने माझी चूक लपवली नाही आणि तिच्या आड स्वतःही लपली नाही.

१३ जुलै. सकाळी वॉर्डात मी फाईल शेवंताच्या हातात दिली, स्टूल ओढून आजींच्या उशाशी बसले आणि विचारलं, "रात्री कुठे कुठे दुखलं?"