होडीच्या फळीतली भोकं

तुळजापुरात माझ्या सासरचं कवड्यांच्या माळांचं दुकान आहे. दर नवरात्रात नळदुर्गला धाकट्या भावाकडं जाताना मी एक माळ न्यायचे, ती त्याच्या होडीसाठी. भाऊ तलावात मासे धरतो. होडी फायबरची. मागच्या ज्या उभ्या फळीवर इंजिन अडकवतात तिथंच माळ लावायचा माझा हट्ट, कारण सगळा भार तिच्यावर. भाऊ मुकाट्यानं ड्रिल घ्यायचा. मी थोरली, त्यात माझं तोंड सगळ्यांना ठाऊक.

माळ लोंबलेली मला खपायची नाही. जुन्या भोकात स्क्रू धरेना झाला की मी म्हणायचे, "बाजूला नवीन पाड की." तो पाडायचा. जुनं भोक मी शेंदरानं लिंपायचे आणि मोठं काम केल्यासारखी चहा मागायचे.

यंदा उन्हाळ्यात त्याचा फोन आला, फळी हलतेय, उघडून बघणार आहे. मी पोचले तेव्हा होडी बाभळीखाली ओढलेली होती आणि आतल्या बाजूचं फायबर त्यानं ग्राइंडरनं कापून काढलं होतं. दोन्हीकडून फायबर आणि मधे लाकूड, अशी ती फळी असते. ते लाकूड चहात बुडवलेल्या खारीसारखं झालं होतं. खुरप्यानं उकरलं की काळा चिखल निघायचा.

"इंजिन जड झालं तिला," भाऊ म्हणाला.

पण इंजिनाच्या बोल्टांपाशी लाकूड बऱ्यापैकी शाबूत होतं. कूज पसरली होती ती माळेच्या भोकांपासून. फायबर बाहेरून गुळगुळीत दिसलं तरी प्रत्येक भोकातून पाणी आत जात होतं. शेंदरानं पाणी थोडंच अडतं?

"माझ्या माळांनी केलं हे," मी म्हणाले.

"माळ काय करती? स्क्रू म्या मारले न्हवं," भाऊ हसला.

भावजय मात्र हसली नाही. तो पाणी आणायला गेल्यावर ती हळूच म्हणाली, "वन्सं, मागं वाऱ्यात फळी करकरली. इंजिन सुटाया लागलं. ह्यांनी दोन्ही हातांनी धरून ठिवलं, वल्हं म्या मारलं. तुमाला सांगू नगं म्हनले."

दोघंही होडीत होते. तिनं मला एका शब्दानंही बोल लावला नाही. लावला असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

मग मी तिथंच राहिले. लाकडाचा चुरा खरवडला, पोकळी उन्हात वाळू दिली. भावानं नवीन प्लायवूड बसवलं, त्यावर फायबरची जाळी अंथरून डिंकासारखं रेझिन चोपडलं. आमच्याकडच्या उन्हात रेझिन मगातच दगड होतं, म्हणून सगळं काम सकाळी लवकर. घासायचं काम मी मागून घेतलं. फायबरचा भुगा अंगाला लागून हातांची आग व्हायची, भावजय खोबरेल लावायची आणि मी मनात म्हणायचे, होऊ दे आग. शेवटी वरून पांढऱ्या जेलकोटचा, म्हणजे चकचकीत लेपाचा, हात दिला. एक भोक नाही, एक ओरखडा नाही. मी त्या फळीवरून हात फिरवत बसले.

पाण्यात ढकलायच्या दिवशी भाऊ आला तो हातात ड्रिल घेऊन. "माळ कुठंय, ताई?"

"आणली नाही. आणणारही नाही. आता तरी डोळे उघड."

"फळी कुजली तरी इंजिन पडलं न्हाय. कुनामुळं?"

"अरे, कुजली कुणामुळं?"

"ते असंल. पर आमी वाचलो न्हवं?"

मी भावजयीकडं बघितलं, ती तरी माझ्या बाजूनं बोलेल म्हणून. ती म्हणाली, "वन्सं, माळ नसली तर ह्यांचं मन लागत न्हाय. पाण्यात मन थाऱ्यावर पायजे." असं म्हणून ती घरात गेली आणि मागच्या नवरात्रातली माळ घेऊन आली. फळी कापायच्या आधी तिनंच ती सोडवून, धुऊन ठेवली होती.

इतकी वर्षं मीच त्याच्या मनात हे भरवलं होतं. आता काढून घेणार कसं? मी त्याच्या हातातून ड्रिल घेतलं. भोकात काठोकाठ रेझिन भरलं, मग स्क्रू आवळले. पाणी जाणार नाही, असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही. ही भोकं मात्र, समजून उमजून, मी माझ्या हातानं पाडली आहेत.