उंट कोंडला तेव्हा

नांदेडात मी कॉम्प्युटरची शिकवणी चालवायचो. तेव्हा एक बुद्धिबळाचा प्रोग्राम लिहिला आणि मोठ्या ऐटीत आबांना, म्हणजे वडिलांना, त्याच्यासमोर बसवलं. प्रोग्रामच्या उंटानं काठावरचं फुकटचं प्यादं खाल्लं. आबांनी शेजारचं प्यादं एक घर सरकवलं आणि उंट कोंडला. मग प्रोग्राम आपली प्यादी एकेक करून आबांच्या घोड्यावर, वजिरावर सोडायला लागला. मी टाळीच वाजवली. "आबा, बलिदान! मोठा डाव रचायलाय!"

आबांनी चष्म्यावरून पाहिलं. "बलिदान कशाचं, मास्तर? ह्याला किती चाली पुढचं दिसतं?"

"चार."

"मंग! उंट मरायलाय हे त्याला चौथ्या चालीत दिसायलंय. मधे एक प्यादं घातलं की ते मरण चौथीच्या पलीकडं जातं. दिसंना झालं की ह्याला वाटतं, टळलं. उंट बी जाणार अन् प्यादी बी जाणार."

तसंच झालं. सगळ्यात जास्त हसली ती माझी मुलगी. तेव्हा सहावीत होती आणि आबांची पट्टशिष्या.

अकरावीला तिला लातूरला ठेवलं, डॉक्टर करायला. भूकंपानंतर ज्या लातूरला पोरं पाठवायला लोक भ्यायचे, तिथं आता न पाठवणाऱ्यालाच विचारायचे, "काय, मार्क कमी पडले का?" क्लासमध्ये दर रविवारी टेस्ट. आमच्या घरातलं सगळं त्या रविवारावर चालायचं.

ती बारावीत असताना आबांच्या किडन्या गेल्या. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, फार दिवस नाहीत. बायको म्हणाली, "पोरीला बोलवा." मी म्हणालो, "एवढा रविवार होऊ दे." पुढच्या आठवड्यातही तेच म्हणालो. खोलीच्या मालकिणीच्या फोनवरून मुलगी विचारायची, आबा कुठंयत? झोपलेत. मुखेडला आत्याकडं गेलेत. घसा बसलाय. इकडं आबा विचारायचे, "पोरगी कवा यायलीय?" "ह्या रविवारी, आबा." ते कूस बदलून दाराकडं तोंड करायचे. ज्या माणसानं मला उंटाचं मरण समजावून सांगितलं, त्याच्याच उशाशी बसून मी एकेक प्यादं पुढं सारत होतो. आणि वाटत काय होतं, तर आपण पोरीचं वर्ष वाचवतोय.

एका रविवारी सकाळी आठ वाजता आबा गेले. टेस्ट नऊ ते बारा होती. मी फोन केला साडेबाराला.

पाहुण्यांनी चारपर्यंत वाट पाहिली. ती एसटीनं पोचली तेव्हा माती होऊन गेली होती. आम्ही नुकतेच अंघोळी करून बसलो होतो. दारातच उभी राहून, खांद्यावरची बॅग न उतरवता, तिनं एवढंच विचारलं, "पप्पा, आबांनी मला विचारलं होतं?"

"नाही गं. शेवटी शेवटी झोपेतच होते." तोंडातून निघूनच गेलं. सवय झाली होती.

बायको आतून आली. आधी लेकीच्या खांद्यावरची बॅग काढून घेतली.

"रोज विचारायचे गं," ती म्हणाली. "दाराची कडी वाजली की म्हणायचे, आली का? ह्यांनी रोज रविवार सांगितला. अन् मी तिथंच उभी राहून ऐकत होते."