रफ कामाला लागलेली लाल खूण

"काकू, मी कॉपी नाही केली," प्रज्ञा तिसऱ्यांदा म्हणाली. माझ्या स्क्रीनवर तिच्या नावापुढची लाल खूण काही हलेना. दोन वाजले होते. चार वाजता आमचा डिपार्टमेंट हेड, मार्क, या खुणेचा रिपोर्ट पुढे पाठवणार होता. रिपोर्ट गेला की चौकशी, आणि कॉलेजातून नाव कमी झालं की व्हिसाही गेला. नागपूरची मुलगी, इथे येऊन सात महिने झालेले.

मी पिस्कॅटवेजवळच्या एका कॉलेजात प्रोग्रॅमिंगची लॅब सांभाळते. डिग्री नाही हो माझ्याकडे. मुलं शाळेत गेली की लायब्ररीत बसून शिकले. आमच्याकडे एपीआय शिकवतात. म्हणजे कचेरीची खिडकी समजा. आतलं कपाट आपण उघडायचं नाही. ठरलेला फॉर्म नीट भरून दिला की आतून हवी ती माहिती येते, आणि एक रकाना चुकला की फॉर्म परत. एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याकडे काही मागायचं, ते असं.

हे शिकवायला एक ट्यूटर आहे, म्हणजे सॉफ्टवेअरच. विद्यार्थी ओळ टाइप करतो, ते बघत असतं, अडला की हिंट देतं, काय आलं काय नाही याची नोंद ठेवतं. पण वीस मिनिटं काहीच टाइप केलं नाही आणि मग एकदम अख्खं बरोबर उत्तर आलं, की लाल खूण. कुठून तरी उचललं असणार, असं ते धरून चालतं. सांगायला लाज वाटते, पण तो नियम सेट केला होता मीच.

"मग वीस मिनिटं करत काय होतीस?" मी विचारलं.

"रफ."

"कागदावर? कुठेत ते कागद?"

"टाकले. रफ कुणी दाखवतं का, काकू?"

आपल्या शाळांत हेच ना! रफ मागच्या पानावर, त्यावर तिरकी रेघ, आणि बाईंना दाखवायचं ते फेअर. मी धावत जाऊन रीसायकलिंगचा डबा बघितला. सकाळीच रिकामा केलेला.

मार्क माणूस वाईट नाही. सगळं ऐकून म्हणाला, तिला माझ्यासमोर एक नवीन प्रश्न सोडवू दे.

ती बसली. मागे आम्ही दोघं उभे, म्हणून थेट टाइपच करायला लागली. दुसऱ्या ओळीला हिंट. तिसऱ्या ओळीला हिंट. मार्कनं माझ्याकडे बघितलं, आणि खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं की उचललं की काय हिनं. ते अजून टोचतं.

मी प्रिंटरमधले दोन कोरे कागद तिच्यापुढे ठेवले. म्हटलं, "रोज करतेस तसं कर. आम्ही इथे नाहीच असं समज."

स्क्रीन जशीच्या तशी. तिनं चौकोन काढले, बाण काढले, खोडलं, परत काढलं. मार्कनं दोनदा घड्याळ बघितलं. मी त्याच्याकडे बघायचंच टाळलं. वीस मिनिटं उलटून गेली, तेव्हा कुठे तिनं कीबोर्ड ओढला आणि अकरा ओळी सलग टाइप केल्या. रन केलं. माहिती आली, अगदी बरोबर.

आणि ट्यूटरनं आमच्या डोळ्यांदेखत तिला दुसरी लाल खूण दिली.

मार्क हसला. मला काही हसू येईना. रिपोर्ट गेला नाही, प्रज्ञा डोळे पुसत क्लासला पळाली. पण मार्कनं पुढचा प्रश्न विचारला, "हा नियम कधीपासून आहे?"

मागच्या सेमिस्टरपासून. लाल खूण मिळालेल्यांची यादी काढली, त्यात आणखी तीन नावं होती. दोघं कॅम्पसवरच होते. त्यांना बोलावून मी माफी मागितली. तिसऱ्याला मेल केला, तर मेलच परत आला. कॉलेजातून नाव कमी झालं की होतं, तसं त्याचं अकाउंट बंद झालं होतं.

नियम आता काढलाय. सॉफ्टवेअरला नियम शिकवण्याआधी चार मुलांच्या शेजारी बसून ती अभ्यास कशी करतात ते बघावं. मला एक दुपार पुरली असती.