घनानं ठोकलेलं चाक

बाबांना डायलिसिससाठी अकोल्याला नेताना आसेगावच्या पुढं गाडी खड्ड्यात आदळली आणि चाकाची रिम वाकली. या गाडीला स्टेपनीच नाही. जवळच्या लोहारानं बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव ठोकावी तशी रिम घनानं ठोकून गोल केली, म्हणून पोचलो.

चाकांची जादा वॉरंटी मी मुद्दाम घेतली होती. घनाचे वण पाहून कंपनीचा माणूस म्हणाला, "बाहेरच्यानं हात लावला, वॉरंटी संपली. तिथंच थांबून फोन करायचा होता."

"बापाले दम लागून राह्यला होता, साहेब! त्याले सांगू का, थांब म्हणून?"

"नियम आहे."

जळो तो नियम! उद्या पुन्हा डायलिसिस आहे. चाक तेच, आता त्याला तडा गेलाय. बाबा सकाळपासून एकच विचारून राह्यले, "पोचू ना रे?"