दत्ताचं म्हणणं

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. भाची नुसतं "आत्या..." म्हणाली आणि मला कळलं.

दत्ता माझा धाकटा भाऊ, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फोरमन. तिथं यंत्रात सापडून त्याच्या हाताखालचा एक कामगार, सुनीता म्हणून एकीचा नवरा, दगावला. यंत्राची वीज आपण स्वतः बंद केली होती, मागून कुणीतरी चालू केली, हे दत्ता पहिल्यापासून सांगत होता. कोर्टाला पटलं नाही. निष्काळजीपणा त्याचाच ठरला, वर्षाची शिक्षा झाली. नेमकी त्याच आठवड्यात सुनीताची सासू गेली, पोराच्या मागं झुरून. वकील म्हणाले, लगेच अपील करा. तर हा म्हणतो, "अक्का, म्हातारीचं वर्षश्राद्ध होऊ दे. त्या घरात रडारड, अन् मी सुटायला पळू व्हय?" शिक्षा भोगून आला, श्राद्ध झालं, मग अपील केलं. सुटायचं आता काही उरलं नव्हतं, नावावरचा डाग तेवढा पुसायचा होता.

जज्जसाहेब वाईट काही बोलले नाहीत. मुदत कधीच उलटली, आता हे ऐकायचा या कोर्टाला अधिकारच नाही, म्हणाले... अपील फेटाळलं. दोषी का निर्दोष, हा विषयच निघाला नाही. मी घरी येईपर्यंत त्याला बोलत होते, बस आता दुसऱ्यांची सुतकं पाळत! तो एवढंच म्हणाला, "दोषी म्हणले असते तरी सोसलं असतं. ऐकलंच नाय गं."

हे सुनीताच्या कानावर गेलं. एका रविवारी ती दारात उभी. मला वाटलं, भांडायला आली. पाणीसुद्धा नको म्हणाली, खाली बसली. "दादा, मला सांगा. पहिल्यापासून."

तो सांगत राहिला, ती ऐकत राहिली, चहा तसाच निवला. मग डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "पटलं मला." तेव्हापासून दर भाऊबीजेला माझ्यामागून तिनं दत्ताला ओवाळायचं, हे ठरूनच गेलं. आधी कोण, यावरून तो आम्हा दोघींना लई चिडवायचा.

यंदा दुःखाचं घर, मी तबक काढणारच नव्हते. दिवस मावळता सुनीता आली, तिनंच निरांजन लावलं. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, तशा आम्ही गच्चीवर गेलो. बीजेची बारीक कोर दिसत होती. मी ओवाळलं, मग तिनं. तबक खाली ठेवून ती वर बघत, समोर बसलेल्याशी बोलावं तसं म्हणाली,

"दादा, माझ्या पोरांना सांगितलंय मी. सगळं. पहिल्यापासून."