दुखानची माहेरवाशीण

"गो बाय, कोणासाठी रडतंस? नाव तरी सांग गो!"

कतारमधल्या दुखानच्या तेल-कॅम्पात, भर दुपारी, आपल्या क्वार्टरच्या दारात उभे राहून माझे साडूभाऊ वादळाला ओरडून विचारत होते. बाहेर शमाल सुटला होता. हा वाळूचा वारा असा की आधी आकाश तांबडं होतं, मग तपकिरी, आणि मग आपलाच हात आपल्याला अनोळखी वाटू लागतो. त्या तपकिरी काळोखात कोणी बाई रडत होती. मी शुक्रवारची सुट्टी साधून दोह्याहून मटण खायला आलेला माणूस. रडणं ऐकायची मला काही गरज नव्हती. तरी ऐकलं.

भुतांशी साडूभाऊंइतक्या अदबीने वागणारा माणूस अख्ख्या आखातात झाला नाही. जिवंत माणसांच्या बाबतीत मात्र आनंद होता. ते वेल्डिंग इन्स्पेक्टर. एखाद्या जोडावर खडूची फुली मारली की खुद्द शेखने विनवलं असतं तरी ती पुसली नसती. अशा माणसाला नाद लागला तो आयर्लंडच्या लोककथा मराठीत आणण्याचा. कारण विचारलं तर म्हणाले, "कोकणातली भुतं माझी पाठ झाली." कथा पुरवणारा होता त्यांच्या वर्कशॉपचा आयरिश फोरमन. सडाफटिंग म्हातारा, वाळवंटात इतकी वर्षं काढलेला की उंटसुद्धा त्याच्याकडे वडीलधारा म्हणून बघत. साडूभाऊ त्याला प्रत्येक गोष्ट आधी त्याच्या आयरिश बोलीत सांगायला लावत आणि मगच इंग्रजीत. आयरिशमधलं अक्षर कळत नसे, पण डोळे मिटून मान डोलावत. "शब्द नंतर बघू, आधी हेल कळूदे," म्हणत. ध्वनिमुद्रण चाले ते अक्कांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीच्या, भजनांच्या कॅसेटवर. त्यामुळे त्यांच्या घरी विठ्ठल विठ्ठल चालू असताना मध्येच एक घोगरा म्हातारा कुजबुजायला लागे आणि भजनाला बसलेल्या बायका एकमेकींना चिकटत.

त्या गोष्टींत टेकाडाखाली राहणारी अदृश्य जमात असते, आणि तिचं नाव मोठ्याने घ्यायचं नसतं. साडूभाऊंना हे लगेच पटलं. कोकणात तिन्हीसांजेला सापाला कुठे साप म्हणतात? त्यांनी भाषांतर केलं, 'ती मंडळी'. झालं! एकदा ते घरात शिरता शिरता म्हणाले, "आज ती मंडळी येतील असं वाटतं," आणि अक्कांनी सहा माणसांचा भात वाढवला. आलं कोणीच नाही. पण भात उरलाही नाही, असं अक्का आजही सांगतात. मी त्या दिवशी तिथे जेवायला होतो, हा तपशील त्या गाळतात.

गाडी अडली ती एका शब्दावर. म्हाताऱ्याच्या आईच्या घराण्यात एक बाई होती. घरातलं कोणी जायचं असलं की आदल्या दिवशी ती मागच्या काटेरी झाडात बसून रडायची. दिसायची नाही, काही मागायची नाही, फक्त रडायची. साडूभाऊंनी लिहिलं, 'हडळ'. म्हाताऱ्याने अर्थ विचारला आणि यांनी इन्स्पेक्टरच्या सचोटीने तो सांगितला: उलटे पाय, माणसं झपाटते, वगैरे. म्हातारा पांढराफटक पडला. "ती आमच्या घरची आहे," एवढंच बोलला आणि त्याने गोष्टी बंद केल्या. पुढे मला वर्कशॉपमधून कळलं की त्याचं मागे कोणीच उरलेलं नव्हतं. भाऊ गेले, बहीण गेली. छातीचं दुखणं होतं, आणि आपण इथे मेलो तर रडायला फक्त ती एक, आणि तिला एवढं लांब सापडेल का, याच एका धास्तीत तो जगत होता. तिलाच यांनी हडळ केली!

साडूभाऊ अख्खा उन्हाळा जेवले नाहीत. (अक्का म्हणतात, तिसरी पोळी घेतली नाही. अर्थ एकच.) आणि त्या शुक्रवारी त्यांनी म्हाताऱ्याला मटणाला बोलावलं आणि त्याच्यासमोर नवा शब्द ठेवला.

"माहेरवाशीण," ते म्हणाले. "घरची लेक. लग्न होऊन लांब गेलेली. माहेरचं कोणी गेलं की असेल तिथून येते. वेशीपासूनच हेल काढून रडत येते."

म्हाताऱ्याने चमचा खाली ठेवला. "असेल तिथून?"

"असेल तिथून."

"आणि वाट कोण दाखवतं?"

"माहेरची वाट विचारावी लागत नाही हो."

खिडकी तांबडी झाली ती त्याच वेळी. मग तपकिरी. मग ते रडणं, आणि दारात साडूभाऊंची आरोळी. म्हातारा मात्र उठला, खिशातल्या कंगव्याने केस विंचरले आणि दाराकडे तोंड करून आपल्या बोलीत काहीतरी हळू बोलला. त्याचं भाषांतर साडूभाऊंनी कधीच केलं नाही. तेवढ्यात अक्का स्वयंपाकघरातून खण, नारळ आणि तांदूळ घेऊन आल्या. "माहेरवाशीण दारातून रिकाम्या ओटीने जायची नाही," म्हणाल्या आणि त्या वाळूच्या माऱ्यात उंबऱ्यावर ओटी ठेवून दार लावून घेतलं. वारा पडल्यावर पाहिलं तर नारळ वाळूत अर्धा पुरलेला. तांदूळ आणि खण नाहीत. म्हातारा हसला, पुन्हा जेवायला बसला, रस्सा मागून घेतला आणि अडलेली गोष्ट शेवटपर्यंत सांगून गेला.

दुसऱ्या दिवशी तो कामावर आला नाही. खुर्चीत बसल्या बसल्याच गेला होता, केस नीट विंचरलेले.

मला काही चैन पडेना. वाळूने रस्ता अडल्यामुळे मी अजून दुखानलाच होतो; परतण्यापूर्वी क्वार्टरच्या मागे फेरी मारली. तिथे कंपनीच्या रिकाम्या पाइपांची चळत होती, तोंडं उघडी, सगळी उत्तरेकडे, शमाल येतो त्याच दिशेला. थोडी झुळूक आली तरी आतून बाई हुंदका देई. मी साडूभाऊंना ओढत नेलं आणि दाखवलं. "बघा. वारा पाइपांतून रडत होता."

साडूभाऊंनी सवयीने एका जोडावरून बोट फिरवलं.

"मग? तिने बसायचं कुठे? इथे झाडं कुठे आहेत?"