रिसेप्शनच्या कॉम्प्युटरमधलं भगदाड

बारामतीतल्या एका खासगी दवाखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळायचे. रोज निरवांगीहून येऊन-जाऊन. प्रिंटर अडकला की मला हाक, पासवर्ड विसरला की मला हाक.

पेशंटचे रिपोर्ट छपाईसाठी रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर येत, पण एका बंद फोल्डरमध्ये. तिथं बसणाऱ्या माणसाच्या लॉगिनला ते उघडण्याचा अधिकार नव्हता, तो मीच दिला नव्हता. छपाईचं सॉफ्टवेअर पुण्याच्या एका कंपनीचं. त्याच्यासोबत एक छोटा मदतनीस प्रोग्रॅम मागं सतत चालू असे. बंद फोल्डरमधून रिपोर्ट उचलून प्रिंटरला द्यायचा म्हणून त्याला कॉम्प्युटरच्या मालकाइतके अधिकार दिलेले होते.

एकदा छपाई बंद पडली म्हणून मी तो उघडून बघितला आणि मला शिसारी आली. हा मदतनीस नवीन अपडेट म्हणून एका ठरावीक फोल्डरमधली फाइल उचलायचा आणि स्वतःच्या अधिकारात चालवायचा. फाइल कुणी ठेवली, कंपनीची आहे का, काहीच तपासायचा नाही. आणि तो फोल्डर सगळ्यांना उघडा. मी रिसेप्शनच्या साध्या लॉगिनवरून स्वतःची एक फाइल तिथं टाकली. बघता बघता सगळा कॉम्प्युटर माझ्या ताब्यात आला.

मी कंपनीला फोन केला. तिकडचा इंजिनीअर हसला. "मॅडम, त्यासाठी आधी कॉम्प्युटरसमोर येऊन बसावं लागतं. आणि समोर बसणारी माणसं तुमचीच ना?"

मी तो अपडेटचा फोल्डर बंद केला, तर छपाईच थांबली. डॉक्टर केबिनमधून बाहेर आले. "पेशंट खोळंबलेत. आधी होतं तसं करा." त्यांच्यासमोरच मला तो पुन्हा उघडावा लागला.

रिसेप्शनवरच्या माणसाला सगळे दादा म्हणत. फार गोड बोलायचा. म्हाताऱ्यांना हाताला धरून खुर्चीत बसवायचा. मलाही तो आवडायचा, हे आठवलं की आता तोंड कडू होतं.

मग एक दिवस लोणी भापकरची एक शिक्षिका वडिलांना घेऊन आली. तिला लहानपणापासून फिट यायच्या, आमच्याकडेच औषध चालू होतं. लग्न ठरलं होतं. मुलाला तिनं स्वतः सगळं सांगितलं होतं आणि तो तयार होता. पण तिच्या मेंदूच्या तपासणीच्या रिपोर्टचा फोटो मुलाच्या चुलत्यांच्या मोबाइलवर आला, तिथून भावकीत फिरला आणि सोयरीक मोडली.

वडील रिसेप्शनसमोर उभे राहून विचारत होते, "आमच्या पोरीचं दुखणं गावभर कुनी केलं? आमी तर कागद घरात बी कुनाला दावला न्हाय."

"असं कसं होईल, आबा? इथून काहीच बाहेर जात नाही," दादा म्हणाला आणि त्यांच्यापुढं पाण्याचा ग्लास सरकवला.

दुपारी तो जेवायला गेल्यावर मी त्याच्या कॉम्प्युटरवरच्या नोंदी काढल्या. मदतनिसानं कंपनीची नसलेली एक फाइल चालवली होती. तिनं मालकाच्या अधिकाराचं एक नवं लॉगिन बनवलं होतं आणि त्या लॉगिननं रिपोर्टांचा फोल्डर कितीदा तरी उघडला होता. फक्त त्या मुलीचा रिपोर्ट नव्हे. बायकांच्या तपासण्यांचे रिपोर्ट त्यानं वेगळे करून ठेवले होते. वाचायला म्हणून.

तो परत आला तेव्हा मी विचारलं. त्यानं नाकारलंही नाही.

"मुलाकडचे आमच्या पाहुण्यातले हायेत. त्यांना कळाया नको व्हय?"

"आणि बाकीच्या बायका?"

तो हसला. तेच पेशंटसाठीचं हसू.

"तुला हे जमलं कसं?"

"कंपनीच्या इंजिनीअरनंच शिकवलं. काही अडलं की दरवेळी त्याला पुण्याहून यायला नको म्हणून. त्यांच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडं असंच करत्यात."

म्हणजे फोनवर मला हसणाऱ्याला ते भगदाड ठाऊक होतं. त्याची त्यानं सोय करून घेतली होती.

मी डॉक्टरांना सगळं दाखवलं. त्यांनी आधी दार लोटून घेतलं. "इथल्या इथं मिटवू. तिला सांगून काय तिचं लग्न परत जुळणार आहे?"

मी केबिनमधून निघाले ती थेट एसटी स्टँडवर गेले. बाप-लेक लोणीच्या गाडीची वाट बघत बसले होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं, कुणी केलं आणि कसं. मुलगी रडली नाही. म्हणाली, "ताई, तो मगाशी माझ्या बापाला पाणी देत होता." मग तिनं तोंड फिरवलं आणि तिला कोरडी उलटी आली.

तक्रार झाली. मी पोलिसांपुढं जबाब दिला आणि माझी नोकरी गेली. कंपनीनं सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आणली. आता मदतनीस फक्त कंपनीचीच फाइल चालवतो. सोबतच्या माहितीत लिहिलं होतं, छपाई आणखी वेगवान केली आहे. भगदाडाबद्दल एक अक्षर नाही.

त्या मुलाचा तिला नंतर फोन आला होता. घरच्यांची समजूत काढतो, म्हणाला. तिनं नको म्हणून सांगितलं. ती अजून शाळेत शिकवते, औषध घ्यायला आता पुण्याला जाते.

मागच्या महिन्यात मी भाच्याला घेऊन इंदापुरातल्या एका दवाखान्यात गेले होते. काउंटरमागं दादा बसला होता. खटला अजून चालू आहे आणि तो इथं. त्यानं हात जोडले, "या ताई, बसा," म्हणाला आणि पेशंटचं नाव विचारलं. मी भाच्याचा हात धरला आणि दुसरा दवाखाना शोधायला बाहेर पडले.